पाय न मोडलेले अक्षर

मार्च महिन्यातले तीन दिवस मी पॅरिसच्या पूर्वेला, मार्न नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यातील जुन्या चर्चमध्ये 19 फ्रेंच गीते ध्वनिमुद्रित करण्यात घालवले. सोबत माझे पियानोवादक सहकारी होते, एक तरुण ध्वनिमुद्रक होता आणि स्वरलिपी समोर ठेवून प्रत्येक शब्द ऐकणाऱ्या, वयाने आणि अनुभवाने आम्हा सर्वांपेक्षा मोठ्या अशा एक कलादिग्दर्शिका होत्या. तयारीला दीड वर्ष लागले होते आणि त्यानंतरच्या संकलनाला चार महिने लागले. या सगळ्या काळात मला ज्या गोष्टीने सर्वाधिक छळले आणि सर्वाधिक शिकवले, ती म्हणजे फ्रेंच शब्दाच्या शेवटी येणारा, बोलताना गळून पडणारा आणि गाताना परत येणारा एक छोटासा स्वर.

माझे गाणे पुण्यात सुरू झाले. आठव्या वर्षापासून मी आमच्या बाईंकडे ख्याल आणि अभंग शिकले, महाविद्यालयात असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचे वर्ग केले, आणि त्याच सुमारास एका वृंदगायनात माझा आवाज सोप्रानो जातीचा, म्हणजे स्त्रीच्या आवाजांतील सर्वांत उंच पट्टीचा आहे, असे मला प्रथम सांगण्यात आले. त्यानंतर मी पॅरिसला शिकायला आले आणि इथेच राहिले. ऑपेरातल्या लहान भूमिकांवर आणि शिकवण्यांवर माझा चरितार्थ चालतो. पण ज्या गाण्यासाठी मी हा देश धरून राहिले, ते ऑपेराचे नव्हे. फ्रेंचमध्ये त्याला 'मेलोदी' म्हणतात. एका कवीची कविता, तिला संगीतकाराने लिहिलेली चाल आणि तितक्याच काळजीने लिहिलेला पियानो, एवढाच त्याचा संसार असतो. आपल्या भावगीताची आठवण यावी असा हा प्रकार आहे, मात्र इथे पियानो साथीला नसतो, तो बरोबरीचा भागीदार असतो. शिवाय विरामाची लांबीसुद्धा कागदावर ठरलेली असल्यामुळे गायिकेला जे स्वातंत्र्य उरते ते जवळजवळ सगळे उच्चारातले असते.

कार्यक्रमाचा कणा आम्ही पॉल व्हर्लेनच्या कवितांचा ठरवला. गाब्रिएल फोरेने 1891 मध्ये व्हेनिसच्या मुक्कामात सुरू केलेली पाच गीते आणि क्लोद देब्युसीची 'आरिएत उब्लिए' ही सहा गीते, दोन्ही संच व्हर्लेनचेच आहेत, आणि 'ग्रीन' व 'से लेक्स्ताझ' या दोन कविता दोन्हीकडे येतात. एकच गायिका, एकच पियानो आणि त्याच शब्दांच्या दोन चाली एका तबकडीवर पाठोपाठ ऐकवाव्यात, हा मोह मला अनेक वर्षे होता. त्यांच्या भोवती फोरेचे 'क्लेर द ल्यून', आँरी द्युपार्कची दोन गीते, रेनाल्दो आनचे 'आ क्लोरिस', मोरिस राव्हेलच्या 'इस्त्वार नात्युरेल'मधली दोन आणि फ्रान्सिस पूलँकची दोन, अशी सुमारे 55 मिनिटांची मांडणी झाली. द्युपार्क 1848 ते 1933 इतके दीर्घ जगला, परंतु आजारपणामुळे वयाच्या सदतिसाव्या वर्षीच त्याचे लेखन थांबले, आणि जे लिहिले होते त्यातलेही बरेच त्याने स्वतः नष्ट केले. मागे उरलेल्या त्याच्या जेमतेम दीड डझन गीतांपैकी एकही वगळण्यासारखे नाही, आणि दोनच निवडताना मला फार जड गेले.

एक गोष्ट मात्र मनावर दगड ठेवून सोडावी लागली. मोरिस देलाज हा राव्हेलचा शिष्य 1912 मध्ये भारतात होता आणि त्या प्रवासातून त्याची 'कात्र पोएम एँदू' ही चार गीते जन्माला आली. त्यांपैकी पहिल्या आणि चौथ्या गीताचे शब्द भर्तृहरीचे आहेत. ज्या भर्तृहरीला मी शाळेत वामन पंडितांच्या मराठीतून भेटले, तोच पॅरिसमध्ये फ्रेंच शब्दांत समोर यावा, याने मी हरखून गेले होते. पण ही गीते मुळात आवाज आणि एका लहान वाद्यसमूहासाठी आहेत. दुसऱ्या गीतात चेलोवादक तार छेडून बोट सरकवत नेतो तेव्हा आपल्याकडची मींड ऐकल्याचा भास होतो, आणि पियानोवर मींड येत नाही. दोन संध्याकाळी आम्ही ती पियानोवर वाजवून पाहिली. तिसऱ्या संध्याकाळी मी ती कागदपत्रे कपाटात ठेवली. माझ्या मातृभूमीशी नाते आहे एवढ्याच कारणाने त्यांना त्यांच्या देहाशिवाय गाणे मला योग्य वाटले नाही.

आता त्या छोट्या स्वराविषयी सांगते. फ्रेंचमध्ये असंख्य शब्दांच्या शेवटी एक 'ए' लिहिलेला असतो आणि आजच्या बोलण्यात तो बहुधा उच्चारला जात नाही. 'एक्स्ताझ' म्हणजे परमानंद. बोलताना हा शब्द दोन अवयवांत, म्हणजे उच्चाराच्या दोन ठोक्यांत, संपतो आणि शेवटचा 'झ्' व्यंजनावर तुटतो. परंतु जुन्या छंदात, आणि म्हणून त्या छंदातल्या कवितेच्या चालीत, पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर हा शेवटचा स्वर पूर्ण अवयव म्हणून मोजला जातो. व्हर्लेनची ती पहिली ओळ सात अवयवांची आहे, आणि 'एक्स्ताझ'चा शेवटचा स्वर धरला तरच ते सात भरतात. ओळीच्या अगदी शेवटी तोच स्वर आला तर तो मोजणीत धरत नाहीत, तरी संगीतकार त्याला बहुतेक वेळा सूर देतात आणि तो गावा लागतो. म्हणजे एकाच स्वराला तीन अवस्था आहेत: मोजलेला आणि गायिलेला, न मोजलेला पण गायिलेला, आणि पुढच्या स्वरात विरघळून गेलेला. द्युपार्कच्या 'लँव्हितास्यों ओ व्वायाझ'मध्ये बोदलेर या कवीच्या पालुपदात 'ल्यूक्स' आणि 'काल्म' हे शब्द शेजारी शेजारी येतात. पहिल्याचा शेवटचा स्वर गायचा असतो, दुसऱ्याचा पुढच्या शब्दात मिसळून टाकायचा असतो, आणि हे सगळे जवळजवळ एकाच सुरावर, काहीही घडत नाही असे वाटावे इतक्या शांतपणे करायचे असते.

हे मी अनेक वर्षे नियम म्हणून पाळत होते. तयारीच्या काळात एके रात्री सगळ्या कविता देवनागरीत उतरवून काढताना मला त्याचे मर्म कळले. वहीत 'एक्स्ताझ' लिहिले आणि पेन थांबले. बोलण्यातला उच्चार लिहायचा तर 'झ'चा पाय मोडायला हवा होता. गाण्यातला लिहायचा तर अक्षर होते तसेच पूर्ण ठेवायचे होते. आपण मराठीत नेमके हेच करतो. 'चरण' हा शब्द आपण बोलतो तेव्हा शेवटचा 'ण' तुटका असतो, कानाला दोनच अवयव ऐकू येतात. पण अभंगात अक्षरे मोजताना त्याची तीन अक्षरे होतात आणि गाताना तो शेवटचा अकार आपण सहज उघडतो. आमच्या बाई अभंग शिकवताना म्हणायच्या की अक्षराचा पाय मोडू नका, त्याला सुरावर उभे राहू द्या. त्या वेळी माझे वय दहा-अकरा होते आणि हे वाक्य मला शिस्तीचे वाटले होते. तीच शिस्त पॅरिसमध्ये माझ्या वहीतल्या फ्रेंच शब्दांवर उतरली. त्या रात्रीपासून मी 19 गीतांतील प्रत्येक शब्दाखाली ठरवून खूण केली: इथे पाय मोडायचा, इथे नाही.

अर्थात तो फ्रेंच स्वर म्हणजे हुबेहूब आपला अकार नव्हे. त्याला ओठांची किंचित गोलाई लागते आणि तो जरा पुढे, दातांजवळ राहतो. अनुनासिक स्वरांच्या बाबतीत मात्र मला अनपेक्षित मदत मिळाली. पुण्यातल्या बोलण्यात अनुस्वारापाठोपाठ बहुतेक वेळा 'न्', 'म्' किंवा 'ङ्' येतोच, आणि फ्रेंचमध्ये तो अजिबात येता कामा नये. माझी आजी कोकणातली होती आणि तिच्या तोंडी शुद्ध अनुनासिक स्वर होते, ज्यांच्या मागे कुठलेही व्यंजन उभे नसे. 'शाँसों' हा शब्द म्हणताना मी तिच्या बोलण्याची आठवण धरून ठेवत असे आणि शब्द जागेवर बसत असे.

पियानोच्या निवडीवर आम्ही महिने घालवले. आजच्या मोठ्या सभागृही पियानोच्या तारा एकमेकींवरून तिरप्या जातात, त्यामुळे आवाजाला एकसंध, भरघोस गोलाई येते. एरार या पॅरिसच्या जुन्या कारखान्याच्या पियानोंत तारा समांतर असतात, आणि म्हणून खर्ज, मध्य आणि तार यांचे रंग वेगवेगळे, स्पष्ट ऐकू येतात. सूरही थोडा लवकर विरतो. एका जुन्या वाद्यांच्या कारागिराकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा एक एरार होता. त्यावर माझ्या सहकाऱ्यांनी 'क्लेर द ल्यून'च्या सुरुवातीचा मेन्युएट, म्हणजे जुन्या नाचाची चाल, वाजवला आणि मी नेहमीप्रमाणे मध्येच, जणू चाललेल्या नाचात उशिरा शिरल्यासारखी गाऊ लागले, तेव्हा शब्दांना जागा मोकळी असल्याचे मला पहिल्या ओळीतच जाणवले. विरणारा सूर माझ्या व्यंजनांच्या वाटेतून बाजूला होत होता.

त्या निवडीची किंमतही होती. फ्रान्सने 1859 मध्ये कायद्याने ठरवलेली स्वरपट्टी 435 हर्ट्झची होती आणि हा पियानो त्याच पट्टीला मिळवलेला होता, तर मी रोजचा सराव 442 च्या पियानोवर करत होते. फरक अर्ध्या स्वराच्या पाव भागाहून किंचित जास्त आहे. भारतीय गायिकेला हे विचित्र वाटेल, कारण आपला षड्ज आपल्या गळ्याबरोबर हलतो. पण सोप्रानोच्या आवाजात एका विशिष्ट उंचीवर छातीकडून डोक्याकडे जाणारा सांधा असतो, आणि महिनोन्महिने सराव केलेल्या गाण्यात तो सांधा कोणत्या अक्षरावर येणार हे गळ्याने पाठ केलेले असते. पट्टी उतरली आणि तो सांधा शेजारच्या अक्षरावर गेला. ध्वनिमुद्रणाच्या आधीचे दोन आठवडे मी फक्त या एका गोष्टीला दिले.

चर्च मिळवणे त्या मानाने सोपे गेले. 1905 च्या कायद्यानंतर फ्रान्समधल्या अशा जुन्या चर्चची मालकी गावाच्या नगरपालिकेकडे असते आणि वापराचा हक्क धर्मगुरूंकडे, त्यामुळे दोघांचीही संमती लागते. दोघांनीही ती आनंदाने दिली, आणि तीन दिवस दर तासाला पडणारे घंटेचे ठोकेही बंद ठेवले.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा आत दहा अंश तापमान होते. हीटरचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो, म्हणून तो मधल्या सुट्यांतच चालवायचा, आणि हवा कोरडी झाली की पियानोचा सूर उतरतो, म्हणून तोही जपून चालवायचा, असा दुहेरी पेच होता. पियानो मिळवणारे कारागीर तिन्ही दिवस आमच्यासोबत राहिले आणि दिवसातून दोनदा तारा तपासत होते. ध्वनिमुद्रकाने दोन मुख्य मायक्रोफोन उंच स्टँडवर, पियानो आणि मी यांच्यामध्ये लावले आणि माझ्यासाठी एक वेगळा, साधारण दीड मीटर अंतरावर ठेवला. मैफलीत गायिका पियानोच्या कमानीत श्रोत्यांकडे तोंड करून उभी राहते. इथे मला पियानोवादकाकडे तोंड करून उभे केले. दिग्दर्शिका शेजारच्या वस्त्रागारात स्वरलिपी उघडून बसल्या होत्या आणि छोट्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

आम्ही फोरेच्या 'ग्रीन'पासून सुरुवात केली. सहा वेळा पूर्ण गाऊन झाल्यावर मी वस्त्रागारात ऐकायला गेले. जे ऐकू आले ते ऐकून मी खुर्चीवर बसून राहिले. सूर बरोबर होते, शब्द कळत होते, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तो छोटा स्वर एखाद्या शेपटीसारखा लोंबत होता. 'ब्राँश' म्हणजे फांद्या. माझ्या गाण्यात शेवटची 'श' फांदीपेक्षा मोठी झाली होती. जो स्वर दहाव्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून मी वर्षानुवर्षे थोडा उचलून गात होते, तो दीड मीटरवरच्या मायक्रोफोनला ओरडल्यासारखा लागत होता. दिग्दर्शिका मला म्हणाल्या, "तुम्ही तो स्वर उच्चारता आहात. तो उच्चारायचा नसतो, तो तिथे असू द्यायचा असतो." मी मान डोलावली, परत गेले, आणि पुढच्या तीन प्रयत्नांत तो इतका आखडून घेतला की ओळीच तुटू लागल्या. मोजलेला अवयव हरवला की व्हर्लेनची ओळ लंगडी होते, आणि फ्रेंच कानाला ते तत्काळ कळते. त्या दिवशी ठरलेल्या सातपैकी फक्त चार गीते झाली.

रात्री मुक्कामाच्या खोलीत मी ती वही उघडली. माझी चूक खुणांत नव्हती. पाय मोडायचा की नाही हे मी बरोबर लिहिले होते, पण पाय न मोडलेले अक्षर म्हणजे ठासून उभे राहिलेले अक्षर, असे मी नकळत समजत होते. मग मी बाईंनी शिकवलेला एक अभंग अगदी हळू आवाजात म्हणून पाहिला आणि शब्दांच्या शेवटच्या अकारांकडे लक्ष दिले. ते मी कधीच मुद्दाम केलेले नव्हते. त्यांना वेगळा धक्का नव्हता, वेगळा श्वास नव्हता. आधीच्या अक्षरावरचा सूर संपत नव्हता म्हणून पुढचे अक्षर उघडे राहत होते, एवढेच. जोर सगळा आधीच्या अक्षरावर होता आणि शेवटचा अकार त्या जोराच्या उतारावर आपोआप येत होता. मी तोच अभंग पुन्हा म्हटला आणि त्याच श्वासात 'से लेक्स्ताझ'ची पहिली ओळ म्हटली. देब्युसीने ती ओळ वरून खाली, अंग सैल सोडल्यासारखी उतरत आणली आहे, आणि त्या उतारावर 'झ' कुठेही न थांबता 'लाँगूरझ'च्या 'लाँ'कडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही दिग्दर्शिकांना दाखवली आणि पाय मोडण्याची खूण समजावून सांगितली. त्यांनी फार काळजीपूर्वक पाहिले, मग स्वतःच्या स्वरलिपीच्या समासात पेन्सिलीने एक 'झ' काढून देण्यास सांगितले, एक पाय मोडलेला आणि एक न मोडलेला. दिवसभर स्पीकरमधून मला सूचना येत होत्या त्या याच भाषेत. "तेराव्या मापात पाय मोडला गेला," असे त्या फ्रेंचमध्ये म्हणत (माप म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक खंड) आणि मला लगेच कळे. त्या दिवशी देब्युसीची सहाही गीते झाली.

देब्युसीने हा संच 1885 ते 1887 या काळात लिहिला आणि 1903 मध्ये तो पुन्हा छापताना मेरी गार्डन या गायिकेला अर्पण केला. गार्डन स्कॉटलंडमध्ये जन्मलेली होती. 1902 मध्ये देब्युसीच्या ऑपेरातली मेलिझांद तिने प्रथम उभी केली, आणि 1904 मध्ये पॅरिसमध्ये तिने यांपैकी तीन गीते ध्वनिमुद्रित केली, पियानोवर स्वतः देब्युसी होता. कर्ण्यासमोर गाऊन केलेले ते मुद्रण खरखरीचे आहे, पियानो दूरच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. तरीही तयारीच्या काळात मी ते वारंवार ऐकत असे. या गीतांचा मान जिच्या नावाने आहे ती गायिकासुद्धा परभाषेतून फ्रेंचमध्ये आली होती, हे मला प्रत्येक वेळी धीर देत असे.

'ग्रीन'च्या दोन चाली पाठोपाठ गाताना तो छोटा स्वर दोन वेगळ्या घरांत राहतो हे मला स्पष्ट दिसले. फोरेचा पियानो सतत धडधडत असतो, धावत आलेल्या माणसाच्या छातीसारखा, आणि त्या स्पंदनाने शेवटचा स्वर पुढे ढकलला जातो. गायिकेने तिथे रेंगाळले तर गाणे मरते. देब्युसीकडे पियानो मध्येच मागे सरतो, आणि शेवटचा स्वर क्षणभर हवेत एकटा राहू शकतो. म्हणून फोरे मी माझ्या सहकाऱ्यांच्या हातांकडे पाहत गायिले आणि देब्युसी डोळे मिटून. पहिल्या दिवशी बिघडलेला फोरेचा 'ग्रीन' आम्ही त्या संध्याकाळी पुन्हा केला आणि तो दुसऱ्याच प्रयत्नात साधला.

तिसऱ्या दिवशी पाऊस होता. छपरावर पडणारे थेंब मायक्रोफोनला ऐकू येत होते, म्हणून सकाळचे तीन तास आम्ही नुसते बसून होतो. पाऊस थांबल्यावर दुपारी पूलँकचे 'से' केले. लुई आरागाँची ही कविता 1940 च्या पराभवानंतर ल्वार नदीवरच्या एका पुलाविषयी आहे, आणि बेर्नाक या गायकाने पूलँकसोबत ती 1943 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये प्रथम गायिली. तिची प्रत्येक ओळ 'से' या एकाच ध्वनीवर संपते. काही ओळींच्या शेवटी कागदावर तो मूक स्वर आहेही, पण कानाला सगळीकडे तेच उघडे 'से' येते. दोन दिवस उतरत्या शेवटांत राहिल्यावर हे गीत गाताना जिभेखाली जमीन टणक लागत होती. ओळ संपते तिथे संपते, पुन्हा तोच ध्वनी, पुन्हा तोच पूल. हे गीत आम्ही तीन वेळा केले आणि त्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

राव्हेलची दोन गीते मी मुद्दाम रात्रीसाठी राखली होती. ज्यूल रनारच्या प्राण्यांवरच्या गद्य तुकड्यांना त्याने 1906 मध्ये चाली दिल्या, आणि 1907 च्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी पॅरिसचे श्रोते खवळले, याचे एक कारण तो छोटा स्वरच होता. राव्हेलने रोजच्या बोलण्याप्रमाणे तो ठिकठिकाणी गाळून टाकला होता, आणि सभागृहात गायिल्या जाणाऱ्या गीतात असे करणे लोकांना असभ्य वाटले. माझ्या वहीत या दोन गीतांच्या पानांवर पाय मोडलेल्या अक्षरांची रांग आहे. त्यांतले 'ल मार्तँ-पेशर' म्हणजे खंड्या पक्षी. संध्याकाळी गळाला एकही मासा न लागलेला माणूस सांगतो की एक खंड्या येऊन त्याच्या गळाच्या काठीवर बसला, तिला झाडाची फांदी समजून, आणि त्या माणसाने श्वासही घेतला नाही. राव्हेलने त्यावर लिहिले आहे की याहून संथ शक्य नाही इतके संथ.

रात्री साडेनऊला गावातली वाहने थांबली आणि विमानेही कमी झाली. आम्ही चर्चमधले दिवे मालवले, फक्त पियानोवरचा एक ठेवला. मी शाल काढून ठेवली, कारण तिची सळसळ ऐकू येत होती. इथे शेपट्यांची काळजी नव्हती, गाणे जवळजवळ बोलणेच होते, आणि त्यामुळे प्रत्येक व्यंजन उघडे पडत होते. पहिल्या प्रयत्नात शेवटचा सूर संपल्यावर चर्चच्या भिंतींनी तो जवळपास तीन सेकंद धरून ठेवला. तो पूर्ण विरेपर्यंत हलायचे नसते, कारण ती विरण्याची रेघ तुटली तर संकलनात काहीच करता येत नाही. आम्ही दोघेही उभे-बसले होतो तसेच राहिलो. मग स्पीकरमधून दिग्दर्शिका म्हणाल्या की दुसरा प्रयत्न हवा असेल तर घ्या, मला नको आहे. आम्ही घेतला नाही. त्यानंतर ध्वनिमुद्रकाने आम्हा सर्वांना बाहेर पाठवले आणि रिकाम्या चर्चची एक मिनिटाची शांतता मुद्रित केली. गीतांच्या मधल्या जागा याच शांततेने भरायच्या असतात, कारण यंत्राची निखळ शांतता कानाला खड्ड्यासारखी लागते.

पहिले संकलन सहा आठवड्यांनी आले. वेगवेगळ्या प्रयत्नांतले उत्तम तुकडे जोडून प्रत्येक गीत बांधले होते आणि सांधे कुठेही ऐकू येत नव्हते. तरीही फोरेच्या 'आँ सूर्दीन'मध्ये मला काहीतरी खटकत राहिले. तीन दिवस ऐकल्यावर कळले की दोन ओळींच्या मधला माझा श्वास स्वच्छ करण्याच्या हेतूने काढून टाकला होता, आणि श्वास नसल्यामुळे आधीच्या ओळीचा शेवटचा छोटा स्वर कशाच्याही आधाराविना लटकत होता. मी पत्र लिहून तो श्वास परत मागितला. तो परत आला आणि ओळ पुन्हा माणसाची झाली.

शेवटचा प्रश्न देब्युसीच्या 'से लेक्स्ताझ'च्या पहिल्याच ओळीचा होता. तिचे दोन प्रयत्न वापरण्याजोगे होते. दुसऱ्यात सूर अधिक नितळ होता आणि 'एक्स्ताझ'ची 'झ' अगदी वेळेवर पडली होती. चौथ्यात आवाजाला किंचित खर होती, आणि 'झ' मापाच्या आत राहूनही कणभर उशिरा उघडली होती. दिग्दर्शिकांनी दोन्ही पाठवले आणि सोबत काहीच मत दिले नाही. मी दोन्ही हेडफोनवर ऐकले, मग स्वयंपाकघरातल्या साध्या स्पीकरवर भांडी घासताना ऐकले, मग दोन दिवस ऐकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना एवढेच लिहिले की चौथा घ्यावा, खर राहू द्यावी. त्यांचे उत्तर आले ते त्यांच्या स्वरलिपीच्या पानाचा फोटो होता: पहिल्या ओळीजवळ समासात, थोड्या कापऱ्या पेन्सिलीने काढलेला, पाय न मोडलेला 'झ', आणि त्याच्या शेजारी चारचा आकडा, जो त्यांनी मार्चमध्येच लिहून ठेवला होता.